पगाराच्या आकड्याआधी भत्त्यांची यादी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: एका शहराचे महापौर, सभासद, खातेप्रमुख आणि कर्मचारी यांचे वेतन व भत्ते यापुढे वेळोवेळच्या ठरावांवर न सोडता कायद्याने ठरवायचे आहेत. विचारणारे मसुदा समितीवर आहेत. सुरुवात कुठून करावी, आकडे कायद्यातच लिहावेत की नियमांवर सोपवावेत, आणि पुढे कोर्टकज्जे होऊ नयेत म्हणून काय सांभाळावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी नगर प्रशासनाच्या लेखा आणि आस्थापना या विभागांत तीस वर्षं काढली. वेतननिश्चितीची प्रकरणं तपासली, लेखा आक्षेपांना उत्तरं लिहिली, दोनदा वेतन नियमांच्या मसुद्यावरही बसलो. त्या अनुभवावरून सांगतो, वेतनश्रेणीचा तक्ता आत्ता बाजूला ठेवा. पहिल्या बैठकीला एकच कागद मागवा: गेल्या बारा महिन्यांत पगाराखेरीज कोणाला, कोणत्या नावाने, कोणत्या लेखाशीर्षातून काय दिलं गेलं. ही यादी आस्थापना विभाग एकटा देऊ शकणार नाही. इंधनाचा खर्च वाहन विभागाकडे असतो, फोनचा सामान्य प्रशासनाकडे, बैठक भत्ता सचिवांकडे, निवासस्थानाच्या विजेचा विद्युत विभागाकडे. हे सगळं एका कागदावर उतरलं की समितीतल्या निम्म्या लोकांनी ते पहिल्यांदाच एकत्र पाहिलेलं असेल.

पगाराचा आकडा अंदाजपत्रकात असतो, त्यावर सभेत चर्चा होते, वर्तमानपत्रात बातमी येते. भत्ते मात्र एकेक करून येतात. प्रत्येकाला त्या वेळी काहीतरी सबळ कारण असतं, रक्कम लहान असते आणि विषयपत्रिकेत तो विषय शेवटून दुसरा असतो. दहा वर्षांनी बेरीज केली तर काही पदांना मूळ वेतनाच्या जवळपास जाणारी रक्कम वेगवेगळ्या नावांनी मिळत असते.

एक प्रसंग सांगतो. देयकं तपासताना माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी आले. एक होतं एका खातेप्रमुखांचं पगारपत्रक. स्वतःची गाडी कामाला वापरतात म्हणून त्यात दरमहा ठोक वाहन भत्ता होता. दुसरं होतं कार्यालयीन गाडीचं लॉगबुक. त्यात त्याच महिन्यातल्या एकोणीस दिवसांपुढे त्याच साहेबांची सही, शेरा 'कार्यालय ते स्थळपाहणी व परत'. मी विचारायला गेलो तेव्हा त्यांनी कपाटातून दोन ठराव काढून पुढे ठेवले. एकाने त्या पदाला वाहन भत्ता मंजूर केला होता, दुसऱ्याने त्याच पदाला वाहन. दोन्हींना सभेची रीतसर मंजुरी होती, मध्ये सहा वर्षांचं अंतर होतं. दुसरा करताना पहिला रद्द करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्या अधिकाऱ्याने नियम मोडला असं मला लिहिता आलं नाही, कारण मोडायला नियमच नव्हता. तुमच्या कायद्याचं पहिलं काम हे आहे.

हे काम मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेला देश म्हणजे फिलिपिन्स. तिथल्या 1987 च्या राज्यघटनेने सरकारी वेतन प्रमाणित करण्याची जबाबदारी संसदेवर टाकली आणि 1989 मध्ये प्रजासत्ताक अधिनियम क्रमांक 6758 झाला. राष्ट्राध्यक्षापासून शिपायापर्यंत सगळी पदं 33 श्रेणींत बसवली गेली. राष्ट्राध्यक्ष 33 वर, आणि पुढे 1991 च्या स्थानिक शासन संहितेने शहराच्या महापौराला 30 वी, लहान नगराच्या महापौराला 27 वी श्रेणी दिली. पण माझ्या मते त्या कायद्याचं सगळ्यात महत्त्वाचं कलम 12 वं आहे. सर्व भत्ते प्रमाणित वेतनात सामावले आहेत असं समजण्यात येईल, असं ते म्हणतं आणि मग मोजके अपवाद सांगतं: प्रतिनिधित्व व प्रवास भत्ता, गणवेश व धुलाई भत्ता, जहाजांवरच्या आणि रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांचा निर्वाह भत्ता, जोखीम भत्ता, परदेशी सेवेतले भत्ते, आणि अर्थसंकल्प खातं ठरवेल ते इतर. यादीत नाही ते वेतनात गेलं. कायद्याचा रोख असा उलटा ठेवला की 'मनाई कुठे आहे?' असं विचारायची सोय राहत नाही. 'मुभा कुठे आहे?' एवढंच विचारावं लागतं.

तुमच्या मसुद्यात हे कलम साधारण असं घ्या: 'अनुसूची दोनमध्ये नमूद केलेल्या भत्त्यांव्यतिरिक्त कोणतीही रक्कम, मग ती कोणत्याही नावाने संबोधली जात असो, कोणत्याही पदधारकास देय असणार नाही, आणि या अधिनियमाच्या प्रारंभापूर्वी केलेले त्या आशयाचे सर्व ठराव, आदेश व परिपत्रके रद्द झाल्याचे मानण्यात येईल.' दुसरा भाग विसरू नका. माझ्या टेबलावरचे ते दोन कागद त्याच्याच अभावी आले होते.

फिलिपिन्सच्या याच कायद्याने दुसरा धडाही दिला. कोणते भत्ते सामावले गेले हे स्पष्ट करणारं परिपत्रक अर्थसंकल्प खात्याने 1989 मध्येच काढलं, पण राजपत्रात छापलं नाही. 1998 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते प्रसिद्धीअभावी निष्प्रभ ठरवलं. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं जे देयक नामंजूर करायला लेखापरीक्षक त्या कागदाचा आधार घेत होते, तो कागदच उभा राहिला नाही. पुढे अशी प्रकरणं वर्षानुवर्षं चालली. म्हणून भत्त्यांची यादी परिपत्रकावर सोडू नका, ती कायद्याच्या अनुसूचीतच असू द्या. आणि अनुसूची बदलली की ती राजपत्रात प्रसिद्ध होईपर्यंत लागू होणार नाही, हे एका ओळीत लिहून टाका.

यादी तयार झाली की तिचे दोन ढीग करा. एका ढिगात खर्चाची भरपाई: प्रवास, मुक्काम, कामाचे फोन. यात माणसाच्या खिशातून आधी पैसा गेलेला असतो, पावती असते आणि कमाल मर्यादा असते. दुसऱ्या ढिगात मोबदला: दरमहा ठोक, पावतीविना. दुसऱ्या ढिगातलं जवळजवळ सगळं वेतनात घालता येतं आणि घालावं. त्याने वेतनाचा आकडा फुगलेला दिसेल, लोक दोन दिवस बोलतील, पण तो खरा आकडा असेल. न्यूयॉर्क शहराच्या परिषदेने 2016 मध्ये काही अंशी हेच केलं. समित्यांच्या अध्यक्षांना वगैरे मिळणाऱ्या जादा रकमा बंद केल्या, बाहेरच्या उत्पन्नावर कडक बंधनं घातली आणि सभासदाचं वार्षिक वेतन 1,12,500 डॉलरवरून 1,48,500 केलं. त्यातही एक खोट राहिलीच: सल्लागार आयोगाने 1,38,315 सुचवले होते, सभासदांनी स्वतःच त्यावर दहा हजार चढवले. इथे मुद्दा येतो तो ठरवायचं कोणी, याचा.

ज्याच्या खिशात पैसा जाणार त्यानेच तो ठरवायचा, ही अडचण निवडून आलेल्या प्रत्येक संस्थेत आहे. तिच्यावर तोडगे तीन प्रकारचे आहेत. पहिला म्हणजे वेळ: वाढ मंजूर करा, पण ती पुढच्या निवडणुकीनंतर लागू होईल. अमेरिकेच्या राज्यघटनेची 27 वी दुरुस्ती काँग्रेसपुरती, म्हणजे तिथल्या संसदेपुरती, हेच सांगते. ती 1789 मध्ये मांडली गेली आणि 1992 मध्ये, तब्बल 202 वर्षांहून अधिक काळाने, मंजूर झाली. दुसरा तोडगा बाहेरचं मंडळ. इंग्लंडमध्ये 2003 च्या नियमांनुसार स्थानिक परिषदेने किमान तिघांचं स्वतंत्र मंडळ नेमायचं आणि त्याच्या शिफारशी विचारात घ्यायच्या. त्या बंधनकारक मात्र नाहीत. तिसरा तोडगा सांधणीचा. लॉस एंजेलिसच्या सनदेत, म्हणजे त्या शहराच्या स्वतःच्या मूलभूत कायद्यात, सभासदाचं वेतन न्यायाधीशाच्या वेतनाला जोडलेलं आहे आणि महापौराचं त्याहून 30 टक्के अधिक. न्यायाधीशांचा पगार शहर ठरवत नाही, त्यामुळे हात आपोआप बाहेर राहतात.

माझा कौल पहिला आणि तिसरा एकत्र करण्याला आहे. मंडळाचं मला वावडं नाही, पण ज्या शिफारशी सभेने नाकारल्या तरी चालतात, त्यांचा अहवाल कपाटात जातो. मंडळ नेमायचंच असेल तर कायद्यात एवढं घाला की शिफारशीहून अधिक मंजूर करता येणार नाही, कमी करता येईल.

अधिकाऱ्यांच्या बाबतीत मात्र निवडणुकीची अट उपयोगी नाही. तिथे उघडेपणा लागतो. तो नसला तर काय होतं याचं कॅलिफोर्नियातल्या बेल शहराइतकं लख्ख उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. वस्ती जेमतेम 36-37 हजार, बहुतांश कष्टकरी कुटुंबं. 2010 च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने बातमी दिली की मुख्य प्रशासक रॉबर्ट रिझो यांचं वार्षिक वेतन सुमारे 7,87,000 डॉलर आहे. देशाच्या अध्यक्षाचं वेतन तेव्हाही 4 लाखच होतं. पोलीस प्रमुखांना 4,57,000, आणि अर्धवेळ काम करणाऱ्या परिषद सभासदांपैकी बहुतेकांना लाखाच्या आसपास.

हे झालं कसं, ते तुमच्या समितीने बारकाईने पाहावं. कॅलिफोर्नियात साध्या शहरांच्या सभासदांना राज्याच्या कायद्याने वस्तीनुसार मर्यादा आहे. 35 ते 50 हजार वस्तीला ती तेव्हा महिना 400 डॉलर अधिक ठरावीक वाढ अशी होती. पण स्वतःची सनद असलेल्या शहरांना ही मर्यादा लागत नाही. 2005 मध्ये बेलने सनदी शहर होण्यासाठी मतदान घेतलं, त्यात 400 हूनही कमी मतं पडली. कुंपणातली एक फट सापडली आणि पुढचं सगळं तिच्यातून झालं. शिवाय सभासदांचा पैसा 'सभासदाचं वेतन' या नावाने फारसा येतच नव्हता. तो येत होता गृहनिर्माण, घनकचरा, अतिरिक्त मालमत्ता अशा प्राधिकरणांवरच्या सदस्यत्वापोटी. माणसं तीच, आणि बैठका क्वचित, तीही काही मिनिटांच्या. रिझो यांना 2014 मध्ये 12 वर्षांची शिक्षा झाली. शहर मात्र कर्जात आणि करांच्या ओझ्याखाली राहिलं.

यातून तुमच्या मसुद्यासाठी दोन ओळी निघतात. एक: शहराने स्थापन केलेली प्राधिकरणं, कंपन्या, परिवहन उपक्रम, शिक्षण मंडळं या सगळ्यांकडून मिळणारी रक्कम एकत्र धरून कमाल मर्यादा लागू होईल. दोन: प्रत्येक पदाला दिलेली एकूण रक्कम, भत्ते धरून, दरवर्षी प्रसिद्ध होईल. बेलनंतर कॅलिफोर्नियाच्या राज्य नियंत्रकाने शहरांची वेतनं संकेतस्थळावर टाकायला सुरुवात केली. इंग्लंडमध्ये 2011 च्या लोकलिझम अधिनियमाने परिषदेला दरवर्षी वेतन धोरण जाहीर करावं लागतं, आणि त्यात सर्वांत कमी वेतन असलेल्यांबद्दलचं धोरण काय, आणि वरिष्ठांच्या मोबदल्याचं इतर कर्मचाऱ्यांच्या मोबदल्याशी नातं काय, तेही सांगावं लागतं. ही अट मला फार आवडते. सफाई कामगाराचा आकडा आयुक्ताच्या आकड्याशेजारी छापावा लागला की चर्चेचा सूर बदलतो.

आता आकडे कुठे लिहायचे? मूळ कायद्यात डॉलर, रुपये काहीही लिहू नका. कॅलिफोर्नियाचाच दाखला पुरेसा आहे. सभासदांच्या मर्यादेचा तक्ता 1984 पासून गोठलेला होता: लहान शहराला महिना 300 डॉलर, अडीच लाखांवरच्या शहराला 1,000. तो बदलायला 2024 उजाडलं, आणि तेव्हा एका फटक्यात 950 ते 3,200 करावं लागलं. मधल्या चाळीस वर्षांत ज्याचं पोट दुसऱ्या धंद्यावर किंवा जोडीदाराच्या पगारावर चालतं, अशांनाच त्या पदावर बसणं परवडत होतं. रोजंदारीवरचा माणूस किंवा एकट्याने मुलं वाढवणारी बाई सभासद व्हायची तर पगार जगण्यापुरता हवा. कमी पगार म्हणजे काटकसर, हा समज मी पुष्कळ सभागृहांत ऐकला आहे आणि त्याला माझा मनापासून विरोध आहे.

तेव्हा कायद्यात तत्त्व, श्रेणींची संख्या, कमाल मर्यादा आणि बदलाची रीत; अनुसूचीत आकडे; आणि आकड्यांना किंमत निर्देशांकाची जोड. भारतातला केंद्र सरकारचा महागाई भत्ता असाच चालतो: औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या बारा महिन्यांच्या सरासरीवर, जानेवारी आणि जुलै अशी वर्षातून दोनदा सुधारणा. पद्धत ठरलेली असल्यामुळे दर किती, यावर भांडण होत नाही. झालं तर कधी देणार यावर होतं. म्हणून लागू होण्याची तारीखही लिहा, नाहीतर थकबाकीचा डोंगर साठतो आणि तो एका वर्षाच्या अंदाजपत्रकावर कोसळतो.

शहराची ऐपत हा वेगळा विषय आहे आणि 'प्रमाणित वेतन' या शब्दामुळे तो दडून जातो. सगळ्या शहरांना एकच तक्ता लावला तर लहान शहराचा सगळा पैसा पगारात जाईल आणि रस्त्याला खडी उरणार नाही. फिलिपिन्सच्या 1989 च्या कायद्याने यासाठी उत्पन्नाच्या वर्गांनुसार दर ठेवले. पहिल्या वर्गाच्या शहराला तक्त्याचे 100 टक्के, पुढे पाच-पाच टक्क्यांनी उतरत सहाव्या वर्गाला 75. नगरांना 90 पासून 65 पर्यंत. वर स्थानिक शासन संहितेची मर्यादा अशी की वेतनावरचा एकूण खर्च आदल्या वर्षीच्या नियमित उत्पन्नाच्या 45 टक्क्यांपलीकडे जाणार नाही. चौथ्या व त्याखालच्या वर्गांना 55. ही मर्यादा तुम्ही घालाच. मात्र कंत्राटी कामगारांचा खर्च तिच्यात धरला जाईल असं स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर कायम पदं रिकामी ठेवून तेच काम कंत्राटदाराकडून होतं, टक्केवारी कागदावर सुरेख दिसते आणि झाडूवाल्याला वेतनश्रेणीचा लाभ कधीच मिळत नाही.

श्रेणीत पद बसवताना कामाचं मूल्यमापन करा, पदनामाचं नको. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहराची गोष्ट यासाठी माहीत असावी. तिथे मूळ श्रेणी समानच होत्या. पण कचरा उचलणं, रस्ते झाडणं अशा प्रामुख्याने पुरुषांच्या कामांना बोनस मिळत होता आणि स्वयंपाकिणी, सफाई करणाऱ्या, शुश्रूषा करणाऱ्या बायकांना तो नव्हता. 2012 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोकरी सोडून गेलेल्या स्त्रियांनाही दिवाणी न्यायालयात दावा करण्याची वाट खुली ठेवली. परिषदेने सुमारे 1.1 अब्ज पौंड चुकते केले, तरी आणखी 65 ते 76 कोटी पौंडांचं देणं त्या वेळच्या अंदाजाने उरलं होतं, आणि सप्टेंबर 2023 मध्ये नवा खर्च थांबवण्याची वैधानिक नोटीस काढावी लागली. पुन्हा बघा, घोळ पगाराच्या तक्त्यात नव्हता. तो वर चढवलेल्या रकमेत होता.

वसुलीचं कलम लिहिताना मात्र हात जरा सैल ठेवा. एका लिपिकाची नस्ती माझ्याकडे आली होती. त्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. अकरा वर्षांपूर्वी सभेने मंजूर केलेला एक छोटा भत्ता लेखापरीक्षणात अवैध ठरला आणि सगळी रक्कम त्यांच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) कापण्याचा प्रस्ताव होता. ठराव करणारे कधीच निघून गेले होते. तो भत्ता त्यांनी मागितलाही नव्हता, पगारात येत होता. ते माझ्यासमोर खुर्चीच्या कडेला बसून विचारत होते, 'साहेब, माझी चूक कोणती लिहिलीय त्यात?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे 2014 च्या डिसेंबरमध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने रफिक मसीह प्रकरणात तृतीय व चतुर्थ श्रेणीतले कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, यांच्याकडून अशी वसुली करता येणार नाही असं सांगितलं. फिलिपिन्सच्या न्यायालयाचा 2020 चा निर्णय थोडा वेगळा आहे: मंजुरी देणारा अधिकारी सद्भावनेने वागला असेल तर त्याच्यावर जबाबदारी नाही, घेणाऱ्याने मात्र साधारणपणे परत करायचं, काही अपवाद सोडून. मला भारतीय न्यायालयाची दिशा अधिक न्याय्य वाटते. तुमच्या कायद्यात जबाबदारी आधी मंजूर करणाऱ्यावर ठेवा आणि खालच्या श्रेणींना संरक्षण द्या.

अतिरिक्त कार्यभार, निलंबन काळातला निर्वाह भत्ता, दोन पदं एकाच माणसाकडे असणं, यांना एकेक परिच्छेद पुरेल. वेतन संरक्षणाला थोडं अधिक लागेल: नव्या श्रेणीत ज्याचं एकूण उत्पन्न घटतं, त्याला फरक 'वैयक्तिक वेतन' म्हणून द्या आणि पुढच्या वेतनवाढींत तो जिरवा. पदाधिकाऱ्यांना हे संरक्षण देऊ नका, त्यांचा बदल पुढच्या निवडणुकीपासून असल्यामुळे त्याची गरजच पडत नाही.

आणि मसुदा सभेपुढे नेण्याआधी एका महिन्याचं पूर्ण पगारपत्रक नव्या नियमांनी करून बघा. नमुना नको, पूर्ण. आम्ही ते केलं तेव्हा दोन गोष्टी सापडल्या, ज्या चार महिन्यांच्या चर्चेत निघाल्या नव्हत्या: अग्निशमन दलाच्या चालकांचं पद कोणत्याच श्रेणीत लिहिलेलं नव्हतं, आणि रात्रपाळीच्या परिचारिकांचा भत्ता अनुसूचीत टाइप करताना गळला होता. आमच्या 'कोणत्याही नावाने देय असणार नाही' या कलमाने तो पहिल्याच महिन्यात बंद झाला असता. पगारपत्रक तयार करणाऱ्या लिपिकालाच हे दोन्ही दिसलं. त्याला समितीच्या शेवटच्या दोन बैठकांना बोलावून घ्या.